संगीतांतील संकर : रुंबापासून बेंजोपर्यंत

माणसाची जात विचारूं नये, असें आपण आतां निदान चारचौघांत तरी म्हणतों. गाण्याची जात मात्र आपण अजूनहि निःसंकोचपणें विचारतों. हें शास्त्रीय कीं सुगम, देशी कीं विलायती, शुद्ध कीं भेसळीचें, याचा निर्णय झाल्यावांचून पुष्कळांना ऐकण्याचें सुखहि निर्वेधपणें घेतां येत नाहीं. ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूला तर हा प्रश्न वारंवार कानांवर आदळतो. सकाळीं एखाद्या सभागृहांत तोडीची मैफल व्हावी, आणि त्याच दिवशीं रात्रीं खाडीकांठच्या कोळीवाड्यांत किंवा एखाद्या जुन्या आगरी गांवठाणांत हळदीचा मांडव पडून बेंजो, ढोल आणि ताशा वाजूं लागावा, हें येथें नित्याचें आहे. सकाळच्या मैफलींत माना डोलावलेला गृहस्थ रात्रीं आपल्या गॅलरींत उभा राहून म्हणतो, "हें कसलें संगीत? धड कोळीगीत नाहीं, धड सिनेमाचें गाणें नाहीं, सगळा संकर!"

या तक्रारीचे दोन भाग आहेत व ते वेगळे केले पाहिजेत. पहिली तक्रार आवाजाची. ती न्याय्य आहे, आणि तिच्यासाठीं कायदाहि आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी आहे. झोपमोड ही झोपमोडच. ती बेंजोनें झाली काय किंवा भजनानें झाली काय. दुसरी तक्रार संकराची. ती मात्र इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहे. कारण ज्याला आपण संकर म्हणून नाक मुरडतों, त्याच मार्गानें आपल्या आवडीचें बरेंचसें संगीत आपल्या घरांत आलेलें आहे.

प्रथम दूरच्या एका उदाहरणाकडे वळूं. आज ज्याला जग 'लॅटिन' नृत्यसंगीत म्हणतें, त्याचें एक मोठें उगमस्थान क्यूबा हें बेट. तेथें १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून गुलाम आणले जात, आणि गुलामगिरी तेथें १८८६ सालीं संपली. मालकाबरोबर गिटार आली, गुलामाबरोबर ढोल आला. हावाना व मातान्सास या बंदरांतील कष्टकरी लोक मालाचीं रिकामीं खोकींच ढोलासारखीं बडवीत आणि दोन लांकडी दांडके एकमेकांवर आपटून ताल धरीत. त्यांतून रुंबा घडला. म्हणजे ज्या संगीतावर पुढें युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांतून प्रतिष्ठित स्त्रीपुरुष नाचले, तें जन्मतः गोदींतल्या हमालांचें.

या तालाचें मर्म थोडक्यांत सांगतां येईल. आठ मात्रांचें एक आवर्तन घ्यावें. आपण केरव्यांत तें चार-चार असें धरतों. क्यूबाचा वादक त्याच आठ मात्रा तीन, तीन आणि दोन अशा वांटतो. म्हणजे आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर पडतात. पाय चार-चारच्या हिशोबानें चालतात, हात तीन-तीन-दोनच्या हिशोबानें. आणि या गोड ओढाताणींत अंग आपोआप डोलूं लागतें. आपल्या ढोलकीवाल्यास ही युक्ति अगदींच परकी नाहीं. म्हणूनच हा ताल आपल्याकडे आला, तेव्हां त्याला दुभाष्याची गरज पडली नाहीं.

१९३० सालीं दोन आस्पियासु याच्या वाद्यवृंदानें न्यूयॉर्कमध्यें एक गाणें मुद्रित केलें. तें भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या फेरीवाल्याच्या आरोळीवर रचलेलें होतें. त्या एका ध्वनिमुद्रिकेनें रुंबाचें वेड जगभर पसरलें. जाणकार सांगतात कीं, नाचघरांतील हा रुंबा म्हणजे बंदरावरचा मूळ रुंबा नव्हे. आणि तें खरेंच आहे. त्याच्या मागोमाग १९५० च्या सुमारास पेरेस प्रादोचा माम्बो आला, आणि लगेच एन्रीके होरीन याचा चा-चा-चा आला.

या प्रवासाचा पुढचा टप्पा आपल्याला विशेष उद्बोधक आहे. स्पेनच्या दक्षिण भागांत, अंदालुसियांत, गाण्यांचा एक वर्गच असा मानतात कीं, ज्याचें नांव 'जाऊन आलेलीं गाणीं' असें आहे. स्पेनमधून अमेरिकेंत गेलेलीं, तेथें आफ्रिकेच्या व तद्देशीय संगीतांत मिसळून बदललेलीं, आणि खलाशी व सैनिक यांच्याबरोबर घरीं परतलेलीं तीं गाणीं. रुंबाहि तसाच परतला. सेव्हिलजवळच्या दोस हेर्मानास या गांवच्या दोघा गायकांची 'लोस देल रीओ' ही जोडी १९६२ पासून गात होती. त्यांच्या १९९३ च्या गीतसंग्रहांत 'माकारेना' हें याच घराण्याचें एक गाणें होतें. त्याला नवा साज चढवून तें अमेरिकेंत गेलें, आणि १९९६ सालीं तेथील लोकप्रिय गीतांच्या यादींत चौदा आठवडे पहिलें राहिलें. आपल्याकडेहि लग्नाकार्यांतून पोरेंसोरें त्यावर नाचलीं. इकडे अंदालुसियांतील लोकांनीं घरीं परतलेल्या गाण्याला प्रायश्चित्त घेण्यास सांगितलें नाहीं. त्याला नांव दिलें आणि आपल्या पंक्तींत बसविलें.

आतां कोंकणाकडे येऊं. वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि ठाणें व साष्टी त्यांच्या अंमलाखालीं आलीं. १७३७ सालीं ठाणें व १७३९ सालीं वसई चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतली. मध्यंतरींचीं दोनशें वर्षें कांहीं न ठेवतां गेलीं असें नाहीं. ठाणें, साष्टी व वसई येथील ख्रिस्ती कुटुंबें आजहि लग्नगीतें गातात तीं मराठीच्या बोलींत. त्यांच्यांत घुमट वाजतो आणि व्हायोलिनहि वाजतें. दक्षिणेस जंजिऱ्याला मूळच्या आफ्रिकी सिद्दींचें राज्य १९४८ पर्यंत होतें. रुंबाचे जे दोन पूर्वज, इबेरियाची गिटार व आफ्रिकेचा ढोल, त्या दोहोंच्या देशांतील माणसें आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकें राहून गेलीं आहेत. यावरून कोळीगीत आणि रुंबा हीं सख्खीं भावंडें ठरविण्याचा उतावीळपणा मात्र करूं नये. आपल्याला म्हणावयाचें तें एवढेंच, कीं ज्या किनाऱ्यावर गलबतें लागतात, त्या किनाऱ्याचें संगीत सोंवळ्यांत राहूं शकत नाहीं.

प्रत्यक्ष रुंबा मुंबईंत आला तो मात्र चित्रपटाच्या दारानें, आणि त्याला हात धरून आणलें गोमंतकीय वादकांनीं. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्यास व व्हायोलिन धरण्यास शिकवीत. तीं मुलें मोठेपणीं पोट भरण्यासाठीं मुंबईस येत; हॉटेलांतील नाचाच्या वाद्यवृंदांत रात्रीं, आणि चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणांत दिवसा वाजवीत. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. ती ऐकून कोणत्या वाद्यानें कोठें काय वाजवावें, हें कागदावर उतरून प्रत्येक वादकाच्या पुढ्यांत ठेवणारा मनुष्य बहुधा गोमंतकीय असे. त्याला 'अरेंजर' म्हणत. पडद्यावर त्याचें नांव लागलें तर 'सहाय्यक' म्हणून. पुष्कळदां तेंहि लागत नसे.

याच जगांत रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे पुढें आले. ते १९१८ सालीं पुणतांब्यास जन्मलेले, आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं गाणें शिकलेले. अर्थात् विलायती संगीताची मोहिनी पडली ती देशी संगीत न कळणाऱ्यावर, असें म्हणण्यास जागा नाहीं. 'शहनाई' (१९४७) मध्यें त्यांनीं गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांचा उपयोग करून सगळ्या देशाला ठेका धरावयास लावला. आल्दोण्याचे आंतोनिओ शावियेर वाझ, जे 'चिक चॉकोलेट' या नांवानें ट्रंपेट वाजवीत व ज्यांना लोक हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, ते चितळकरांचे सहाय्यक होते. भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) हा या सहकार्याचा कळस. त्यांतील गाजलेल्या नृत्यगीतांत बाँगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन हीं वाद्यें अशा सहजतेनें वावरतात, कीं जणूं तीं दादरलाच जन्मलीं.

त्यापूर्वींच्या एका गाण्याची कुळकथा तर मोठी मनोरंजक आहे. 'समाधि' हा १९५० चा चित्रपट आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा. त्यांत लताबाई व अमीरबाई कर्नाटकी यांनीं गाइलेल्या एका द्वंद्वगीताची चाल 'डॉल फेस' या १९४५ च्या अमेरिकन चित्रपटांतील गाण्यावरून घेतलेली आहे. तें मूळ गाणें म्हटलें होतें कार्मेन मिरांडा हिनें. ही बाई जन्मानें पोर्तुगीज, वाढली ब्राझीलमध्यें, नांवारूपास आली हॉलीवूडमध्यें. आणि गाण्यांत वर्णन पोर्तो रिकोचें. तें मुंबईंत आलें, तेव्हां चाल बसविणारे पुणतांब्याचे, गाणाऱ्यांपैकीं एक मंगेशकर घराण्याची, दुसरी विजापूर जिल्ह्यांतील बिळगीची. आतां या गाण्याची जात कोणती लिहावयाची? आणि तें ऐकून ज्यांच्या तरुणपणाला पालवी फुटली, त्या लाखों लोकांना तें परकें वाटलें होतें काय?

परकें वाटलें, असें एका थोर मराठी मनुष्याचें मत होतें. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ सालीं माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले व दहा वर्षें त्या पदावर राहिले. ते शास्त्रीय संगीताचे निस्सीम कैवारी. त्याच वर्षीं नभोवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ज्या गवयांना ऐकण्यासाठीं पूर्वीं संस्थानिकांच्या दरबारांत किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत शिरकाव मिळवावा लागे, ते कारकुनाच्या दोन खोल्यांत ऐकूं येऊं लागले. हे त्यांचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु याच केसकरांनीं चित्रपटगीतांवर, विशेषतः त्यांतील विलायती वळणावर, गदा आणली. गीतांचा वेळ कमी करण्यांत आला, निर्मात्यांशीं बेबनाव झाला, आणि कांहीं काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. श्रोत्यांनीं काय केलें? त्यांनीं रेडिओची सुई फिरविली. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घरोघर तिची वाट पाहिली जाऊं लागली. शेवटीं सरकारासच १९५७ सालीं 'विविध भारती' काढावी लागली. आपल्या देशांतील गाणें ऐकण्यासाठीं लोकांना पांच वर्षें सिंहलद्वीपाला जावें लागलें, हा या शुद्धीकरणाचा परिणाम.

येथें आणखी एका बहिष्काराची आठवण ठेवणें बरें. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. कारण असें, कीं हें वाद्य युरोपीय. त्यांतून आपल्या श्रुति निघत नाहींत. शास्त्रदृष्ट्या आक्षेपांत तथ्य आहे. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनीं आपली हयात घालविली, आणि मराठी रंगभूमीचें वैभव पेटीनें व ऑर्गननें उभें केलें. नाट्यसंगीताला आपण 'आपलें' म्हणतों तें त्याचीं वाद्यें स्वदेशी म्हणून नव्हे, तर तीन पिढ्यांनीं तें आपल्या ओठांवर वागविलें म्हणून. जो न्याय पेटीला, तोच बाँगोला कां नसावा?

चितळकरांनीं स्वतः या वादास दिलेलें उत्तर शब्दांचें नव्हतें. चीनच्या युद्धांत पडलेल्या जवानांसाठीं कवि प्रदीप यांनीं एक गीत लिहिलें. २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत, पंडित नेहरूंच्या समक्ष, लताबाईंनीं तें गाइलें. सारें राष्ट्र त्या गीतानें गहिंवरलें, आणि अजूनहि गहिंवरतें. त्याची चाल चितळकरांची. ज्यानें रुंबावर देश नाचविला, त्यानेंच देशाच्या शोकाला स्वर दिला. उसन्या तालानें त्याचें मन उसनें झालें नव्हतें.

गोव्याच्या भाषेंतहि हाच प्रयोग झाला. आणि तेथें सहाय्यक म्हणून पडद्याआड राहणारा वादक उघड पुढें आला. मडगांवचे क्रिस पेरी हे ट्रंपेट व सॅक्सोफोन दोन्ही वाजविणारे, वाद्यवृंदाचे नायक. लोर्ना कोर्देरो ही त्यांच्या वृंदांतील गायिका. मुंबईच्या हॉटेलांतून रात्रीं इंग्रजी गाणीं म्हणतां म्हणतां या जोडीनें कोंकणी गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. चा-चा-चा, बोसा नोवा, जाझ, आणि त्यांखालीं मांडो व दुलपदांची जुनी भिजलेली माती, असें हें मिश्रण होतें. त्यांत गोव्यांतला दारुडा होता, वेडा होता, प्रेमिक होता. आणि सगळे घरच्या बोलींत बोलत होते. १९७७ सालीं पेरींनीं 'भुंयारांतलो मनीस' हा चित्रपट काढला. पुढें जोडी तुटली. लोर्ना पुष्कळ वर्षें गप्प राहिली आणि १९९५ सालीं पुन्हां रंगमंचावर आली. पेरी २००२ सालीं वारले. त्यांच्या गाण्यांवर रचलेला 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट अलीकडचा. त्यानें नव्या पिढीला त्या आवाजाची ओळख करून दिली. त्या चाली चा-चा-चाच्या आहेत म्हणून गोव्याचा कोणी मनुष्य त्यांना परक्या समजतो काय? उलट गोव्याबाहेर गेलेल्या गोमंतकीयास घराची आठवण होते ती त्यांनींच.

आतां आपण ज्या मांडवापासून निघालों, तेथें परत जाऊं. आगरी हें नांवच मुळीं आगरावरून पडलेलें. मिठागर आणि भातखाचर हा त्यांचा संसार. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालीं आली, पुढच्या वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. तरी खाडीच्या दोहों कांठांवरचीं गांवें शंभर वर्षें बहुतेक जुन्याच चाकोरींत राहिलीं. १९६० नंतर कारखाने आले, वसाहती आल्या. ठाणें १९८२ सालीं व कल्याण-डोंबिवली १९८३ सालीं महानगरपालिका झाल्या. आजदें, सागांव, नांदिवली, चोळें हीं एके काळचीं भाताचीं गांवें; आज त्यांचीं नांवें आपण रिक्षावाल्याला पत्ता म्हणून सांगतों. ज्या इमारतींच्या गॅलरींतून आपण हळदीच्या आवाजाला नांवें ठेवतों, त्यांचा पाया बहुधा त्याच लोकांच्या खाचरांत खणलेला असतो. जमीन हातची गेलेल्या माणसाजवळ आपलें म्हणून जें उरतें, त्यांत लग्न आणि लग्नाचें गाणें हीं मुख्य. तीं तो मोठ्यानें गातो, याचें फार आश्चर्य वाटूं नये.

त्या मांडवांतला बेंजो हाहि मोठा प्रवासी आहे. नांव त्याचें अमेरिकन वाद्याचें. पण वाद्य तें नव्हे. टंकलेखन-यंत्रासारख्या कळा दाबून तारा छेडावयाचें हें वाद्य म्हणजे आपला बुलबुलतरंग. आणि तो आला जपानांतून. नागोया येथें मोरिता गोरो यानें १९१२ सालीं 'ताइशोगोतो' नांवाचें वाद्य काढलें, त्याची ही हिंदुस्थानी अवलाद. आपल्याकडे त्याला विजेची जोड मिळाली आणि तो मिरवणुकीच्या गर्दींतहि ऐकूं जाऊं लागला. त्याच्यावर कोळीगीत वाजतें, मध्येंच 'अलबेला'च्या काळचा तुकडा येतो, आणि कधीं स्पेनकडून आलेली एखादी लकेरहि. जपानी वाद्य, क्यूबाचा ताल, मुंबईचा सिनेमा, आगरी बोली! याला संकर म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण मग याच मापानें आपल्या देवघरांतील आरतीच्या पेटीचें मापहि घ्यावें.

मात्र या रात्रींत एक खरी हानि होत आहे, आणि ती संकराची नव्हे. आगरी लग्नांत 'धवलारीण' म्हणून एक स्त्री असे. लग्नाचे विधि ती धवल्यांतून, म्हणजे परंपरेनें पाठ असलेल्या गीतांतून, चालवी. हळद, मांडव, वरवधूची पाठवणी, प्रत्येकाचें वेगळें गीत. तिच्याजवळ पोथी नसे. तीच पोथी असे. आज ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढें तिचा आवाज टिकत नाहीं, आणि तिच्यामागें शिकणाऱ्या मुलीहि थोड्या. बेंजो वाजला म्हणून धवला मेला असें नाहीं. दोन्ही एका मांडवांत सुखानें नांदूं शकतात, हळद लावतांना धवला आणि नाचतांना बेंजो. पण एकाची ध्वनिमुद्रिका निघते व दुसऱ्याची साधी नोंदहि होत नाहीं, हें खरें दुखणें.

सगळ्या कथेंत तोच धागा दिसतो. क्यूबाच्या गोदींत प्रथम खोकें बडविणाऱ्याचें नांव कोणाला ठाऊक नाहीं. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत कागदावर स्वर उतरून देणाऱ्या कितीकांचीं नांवें पडद्यावर आलीं नाहींत. धवलारिणींचीं नांवें त्यांच्या गांवाबाहेर गेलीं नाहींत. मिसळण्यानें संगीत मरत नाहीं. मिसळणारे व जपणारे हात विस्मरणांत गेले, म्हणजे त्याचा इतिहास मरतो, आणि मग मागाहून येणारा प्रत्येकजण शुद्धाशुद्धतेचे हवे तसे निवाडे देण्यास मोकळा होतो.

ठाणें-कल्याण-डोंबिवली या पट्ट्यांत ग्रंथालयें आहेत, महाविद्यालयें आहेत, संगीतसभा आहेत; सवड असलेले सुशिक्षित निवृत्त लोक तर पुष्कळच आहेत. त्यांतील चार जणांनीं जरी शेजारच्या गांवठाणांत जाऊन, एखाद्या म्हाताऱ्या धवलारिणीपुढें व एखाद्या जुन्या बेंजोवाल्यापुढें बसून, त्यांचीं गाणीं, त्यांचीं नांवें आणि तीं त्यांना कोणीं शिकविलीं हें लिहून घेतलें, तरी उद्यांच्या इतिहासकारावर मोठे उपकार होतील. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्यास अवश्य सांगावें. पण सकाळीं जाऊन, काल कोणतें गाणें चाललें होतें, हेंहि विचारावें.